बाळ जड होतंय का?

"बर्फात कुणाच्या हाती बाळ देऊ नकोस हं," शेजारच्या तोमेआजींनी मला या गावात आल्याच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आमच्याकडे घेत नाहीत. युकी-ओन्ना, ती पांढऱ्या वेशातली, मोकळ्या केसांची बर्फातली बाई, असंच बाळ धरायला देते. ते जड जड होत जातं, आणि धरणारा उभ्या उभ्या गोठतो."

मी हसले. कॉलेजात शिकलेली ना मी! हसून दार लावून घेतलं.

दार लावायची सवयच झाली होती. लग्नाशिवाय आई झालेली मी... गावात सांगून टाकलं होतं, नवरा तोक्योला नोकरीला असतो. कुणी खोलात विचारू नये म्हणून कुणाकडे चिमूटभर मीठही मागत नव्हते.

जानेवारीतली दुपार. ताप आलेल्या माझ्या बाळाला, सोऊताला, दवाखान्यातून आणताना पाय भुसभुशीत बर्फात गेला तो थेट कमरेपर्यंत. अंगात पांढरा कोट, केस मोकळे. समोरच्या छपरावर एकजण फावड्याने बर्फ उतरवत होता.

"अहो... जरा बाळ धरता?"

तो खाली उतरून धावत आला, आणि मला पाहून थबकला. खिशातून सुरी काढून त्याने दातांत धरली, मग दोन्ही हात पुढे केले.

"अगं आई गं! हे काय?" मी सोऊताला घट्ट कवटाळलं.

"आहोहांनी हांगितलंय..." त्याने सुरी तोंडातून काढली. "आजोबांनी. तोंडात पातं असलं की बाळ जड होत नाही."

तेवढ्यात सोऊता शिंकला. त्याच्या तोंडावरच.

"बर्फाचं बाळ शिंकत नाही," तो पुटपुटला. कान लालबुंद. सुरी खिशात गेली, सोऊता त्याच्या खांद्यावर.

"जड आहे का?" बर्फातून धडपडत बाहेर येत मी विचारलं.

"आहे की! काय खायला घालता?"

त्याचं नाव गेन्ता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारातली वाट सकाळीच मोकळी होऊ लागली.

"आज किती जड?" मी विचारायची.

"कालच्यापेक्षा जास्तच. आणि नवरोबा कधी येतायत बर्फ काढायला?"

"येतील..." मी म्हणायची. मान वर होत नसे.

बर्फ वितळून पागोळ्या गळू लागल्या तेव्हा मलाच ते खोटं सोसेना.

"नवरा नाहीये. कधीच नव्हता." मी सोऊताला परत घ्यायला हात पुढे केले. "द्या त्याला..."

त्याने दिला नाही.

"ठाऊक होतं. अख्ख्या हिवाळ्यात तुमच्या दारात तुमच्याच बुटांचे ठसे."

"मग रोज विचारत का होता?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं... 'कुणी नाहीये' असं." तो सोऊताच्या टोपीशी चाळा करत राहिला. "आजोबा खोटं नव्हते बोलत. खरंच जड होत जातं. आता खाली ठेववत नाही... दोघांनाही."

कान माझेही तापले. लाजच होती... पण ही वेगळी.

तुमच्याही गल्लीत एखादं दार असेल, उशिरापर्यंत बर्फ न काढलेलं. आत कुणी एकटी, लहानग्याला घेऊन. "सगळं ठीक आहे, तुम्हाला कशाला त्रास," असं ती म्हणेल. मीही हेच म्हणायचे. तरी आज एकदा जाऊन या ना. आणि बाळ तुम्हीच मागून घ्या, तिला सांगायची लाज वाटत असेल.