रिकाम्या बाटल्यांचा चोर

"तुमचा बटाट्या तासाला सारखा पाणी प्यायला उठतो. एकदा डॉक्टरांना दाखवा," असं वर्गशिक्षिकांनी सांगितलं, तेव्हा आई हसली होती. "गणित टाळायचे बहाणे, दुसरं काय!"

आता सुट्टी होती, गणित नव्हतं. तरी फ्रिजमधल्या बाटल्या रोज रिकाम्या! आणि बोलणी कोणाला? ठमीला!

"बाटल्या भरून ठेवायला हात झिजतात का गं?"

"अगं आई, मी प्यायलेच नाही!" ठमी वैतागली. "चल रे प्रोफेसर, चोर पकडूच!"

प्रोफेसर म्हणजे तिचा आतेभाऊ. चष्मा मोठा, धीर छोटा. दुपारी घर पेंगलं तशी दोघं टेबलाखाली दबा धरून बसली. फ्रिज उघडला...

बटाट्या! ठमीचा धाकटा भाऊ. एका हाताने बाटली तोंडाला, दुसऱ्याने चड्डी सावरलेली. बाटली संपवून तो थेट बाथरूमकडे पळाला.

"चड्डीला पिन लावलीय बघ!" प्रोफेसर कुजबुजला. "मागच्या सुट्टीत हीच घट्ट होत होती."

बटाट्या, बटाट्या म्हणताना त्याची काडी झालेली कोणी पाहिलीच नव्हती! आजोबांचा डायबिटीस असाच तर सापडला होता.

"काहीतरीच!" ठमीने शंका सांगताच आई म्हणाली. "उंची घेतोय तो."

"पोरांना कसला डायबिटीस!" आजोबा हसले. "ते आम्हा म्हाताऱ्यांचं दुखणं."

ठमीने कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी! पण पैज म्हटली की आजोबांना राहवत नसे.

"त्याची साखर तुमच्यापेक्षा जास्त निघाली तर?"

"माझ्यापेक्षा? या घरात साखरेचा मान माझा! आण ते मशीन."

आजोबांनी नवी सुई लावून बटाट्याचं बोट टोचलं.

"आई गं! ठमे, बघून घेईन तुला!"

आकडा आलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे गेली की दिसते ती खूण लुकलुकू लागली. आजोबांचं हसू मावळलं. "गाडी काढा. आत्ताच्या आत्ता!"

"आणखी उशीर झाला असता तर बेशुद्ध पडला असता," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "हा डायबिटीस गोड खाल्ल्याने होत नाही, आणि लहानपणीही होतो. कोणाच्या लक्षात आलं?"

आईने ठमीला पुढे केलं. "हिच्या. आणि मी हिलाच ओरडत होते. शाबास गं माझी बाई!"

हल्ली बटाट्या इन्शुलिन घेतो आणि रोज चिडवतो, "आजोबा, हरलात!" अंग पुन्हा भरलं आणि चड्डीची पिन निघाली.

तुमच्या घरी, वर्गात आहे कोणी असं? सारखं तहानलेलं, सारखं बाथरूमला पळणारं, वाळत चाललेलं? मोठी माणसं म्हणतील, "उकाडा आहे." म्हणू देत! हे पुस्तक ठेवा खाली आणि आधी त्याला बघून या, आणि आजच त्याची साखर तपासायला लावा.