बोटीवर दोघं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण तिनेके खोटं बोलणाऱ्यांतली नाही. हार्लिंगेन या आपल्या गावच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलेली बाई. भुताखेतांची टिंगल करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता ती टिंगल करत नाही.

घडलं ते टोंगाच्या बेटांत, वावाऊच्या खाडीत. ऑक्टोबर महिना. आणि रात्र नव्हे... भर दुपार.

निवृत्त झाल्यावर तिनेके आणि तिचा नवरा सीट्से यांनी घर भाड्यानं दिलं आणि एक जुनी शिडाची बोट घेतली. एका म्हाताऱ्या डॅनिश माणसाकडून, अगदी पडत्या भावात. सीट्सेनं बोटीला बायकोचंच नाव दिलं. तिनेके. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बोटीचं नाव बदलायचं तर जुनं नाव खरवडून पार काढायचं, समुद्राला दारू पाजायची आणि मगच नवं लिहायचं. दर्यावर हा रिवाज कुणी मोडत नाही. सीट्सेनं अर्धी बाटली समुद्राला दिली, अर्धी स्वतः संपवली.

"देव हिशोब तपासत नाही," म्हणाला.

दोघांचा स्वतःचाही एक नियम होता. एकानं पहारा द्यायचा, दुसऱ्यानं झोपायचं. पहाऱ्यावरच्यानं छोटा रेडिओ गळ्यात अडकवायचा. झोपणाऱ्याच्या उशाशी मोठा रेडिओ चालू. कुणी पाण्यात पडलंच तर हाक मारता यावी म्हणून.

"रेडिओचा हिरवा दिवा लागलाय, निर्धास्त राहा," सीट्से म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

तीन वर्षं ती निर्धास्त राहिली.

त्या दुपारी सीट्से रबरी होडी घेऊन गावात पाव आणायला गेला होता. वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं. तिनेके पपई चिरत होती.

रेडिओ खरखरला.

"इंगर... इंगर... इंगर..."

बाईचा आवाज. दमलेला.

रेडिओवर ज्या बोटीला बोलवायचं तिचं नाव तीनदा घेतात. पण खाडीत इंगर नावाची बोट नव्हती. सकाळी रेडिओवर सगळ्या बोटींची हजेरी होते, तेव्हा हे नाव कुणी घेतलं नव्हतं.

"वळ ना रे... मी मागे राहिले... तुझा दिवा दिसतोय मला..."

दिवा? भर दुपारी?

पण संकटातली हाक ऐकली की उत्तर द्यायचं, हा दर्याचा कायदा. तिनेकेनं माइक उचलला.

"मी ऐकतेय. कुठे आहेस तू?"

खरखर थांबली.

"तुझ्याच मागे."

ती धावत वर गेली. मागच्या बाजूला पाणी काचेसारखं. एक बुडबुडा नाही, एक मासा नाही.

पोहायची शिडी मात्र पाण्यात सोडलेली होती.

सकाळी तिनं ती स्वतः वर ओढून बांधली होती. आता वरच्या दोन पायऱ्या ओल्या होत्या.

ती खाली वाकली. उन्हानं बोटीच्या पाठीवरचा रंग फुगून सुटला होता. 'तिनेके'च्या अक्षरांखालून दुसरी अक्षरं डोकावत होती. तिनं नखानं पापुद्रा ओढला.

इंगर.

ती परत खाली रेडिओपाशी गेली. तिनं शेजारच्या बोटीवरच्या मोइराला रेडिओवर बोलावलं. मोइरा म्हणजे खाडीतली सकाळची हजेरी घेणारी स्कॉटिश बाई. तिचा रेडिओ कधी बंद नसतो.

"मोइरा, आत्ता ती बाई कोण होती?"

"कुठली बाई? मला तुझाच आवाज आला. कोणाला विचारत होतीस, कुठे आहेस म्हणून? ऊन लागलं का गं तुला?"

तेवढ्यात सीट्से आला. पाव काखेत, शीळ वाजवत. खाली उतरला, तिचा चेहरा पाहिला...

आणि त्याचा हात आधी रेडिओच्या मागे गेला. तिथली तार त्यानं चाचपून पाहिली.

"काढायची राहिली," तो पुटपुटला. मग तिच्याकडे वळला. "तू उत्तर दिलंस तिला?"

कोणाला, असं त्यानं विचारलंच नाही.

"तुला माहीत होतं!" तिनेके म्हणाली.

"अगं, बस आधी. पाणी पी."

"बोल, सीट्से."

तो बोलला. इंगर त्या डॅनिश म्हाताऱ्याची बायको. पहाऱ्यावर असताना पाण्यात पडली. गळ्यातल्या रेडिओवरून हाका मारत राहिली. म्हातारा उशाशी रेडिओवर ऐकत होता. उठला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही.

"दारूच्या नशेत बडबडला म्हातारा. मला वाटलं, वेड लागलंय. आणि बोट किती सुरेख होती, तूच म्हणाली होतीस."

"आणि नाव?"

"खरवडायला दोन दिवस गेले असते. वरून रंग मारला."

"ही तार कसली?"

सीट्सेनं मान खाली घातली.

"पहिल्याच रात्री ती बोलायला लागली. मला झोप लागेना गं. म्हणून मागची तार काढून ठेवायचो. दिवा लागतो, पण आवाज येत नाही. सकाळी हजेरीपुरती परत लावायचो. आज पावाच्या घाईत विसरलो."

तिनेकेला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं.

"मी पहाऱ्यावर असायचे तेव्हासुद्धा?"

त्यानं काखेतला पाव काढून हातात घेतला.

"काळ्याकुट्ट समुद्रात मी एकटी वर. छोटा रेडिओ गळ्यात. आणि खाली तुझा रेडिओ मुका? मी पडले असते तर, सीट्से?"

"पडली नाहीस ना पण!"

चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. मेलेल्या बाईची भीती तिला त्या क्षणी वाटलीच नाही. भीती वाटली ती समोर पाव धरून उभ्या असलेल्या माणसाची.

तिनं पिशवी भरली. मोइराच्या बोटीवर राहायला गेली. सीट्से एकटाच पुढे निघाला. जाताना त्यानं हात हलवला. तिनं नाही हलवला. मग ती विमानानं हार्लिंगेनला परतली.

हे इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या मे महिन्यात फिजीहून मोइराचा फोन आला.

"काय गं, परत आलीस आणि मला सांगितलं नाहीस? लबाड!"

"कुठे परत?"

"सीट्सेकडे! आज हजेरीला तुझी बोट पुकारली, तूच तर उत्तर दिलंस. घसा बसलाय का? दमल्यासारखी वाटलीस."

तिनेके स्वयंपाकघरात उभी होती. बाहेर हार्लिंगेनचा पाऊस पडत होता.

"काय म्हणाले मी?"

"नेहमीचंच. तिनेके बोलतेय, सगळं ठीक, बोटीवर दोघं."

"आणि सीट्से?"

"होता की मागे. कॉफीचे कप वाजत होते." मोइरा हसली. "इतक्या लाडात बोलत होता तुझ्याशी! म्हणाला, रेडिओ चालूच राहू दे गं, तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही."