चार, एक रजेवर

सरकारला दर महिन्याला एक आकडा हवा असतो: देशात किती माणसं कामावर आहेत. सगळ्यांना विचारत बसलं तर वर्ष उलटेल, म्हणून काही कारखाने, काही दुकानं, काही दवाखाने सोडत काढल्यासारखे निवडतात आणि दर महिन्याला त्यांच्याच दारात जाऊन तोच प्रश्न विचारतात. बारा तारीख ज्या आठवड्यात आली, त्या आठवड्यात तुमच्याकडे पगारावर किती माणसं होती? प्रश्न एवढाच, पण उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. मोठ्या कारखान्याचा पहारेकरी फाटकावरच दाद देत नाही, आणि छोटा दुकानदार कर वाढवायला आले समजून पाण्यालाही विचारत नाही.

मोजणीताईने हे सगळं कधीच पचवलं होतं. नाव बाजारानेच ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचं. सरळ डोक्याची बाई. कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पगारी रजेवरचा माणूस धरायचा, बिनपगारी रजेवरचा सोडायचा. मालक सोडायचा. मालकाच्या घरचं कोणी पगार न घेता राबत असेल, तर तेही सोडायचं.

खोकेवाल्या काकांकडे ती आठ-नऊ वर्षं जात होती. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, तिच्यात पुठ्ठ्याच्या चळती, एक कापायचं मशीन आणि मागच्या बाजूला लाकडी पार्टिशन. बुटांची आणि औषधांची खोकी तिथे तयार व्हायची. माणसं तीन: मशीनवर पुठ्ठा कापणारा, आणि खोकी जोडणाऱ्या मावशी व त्यांची सून. पार्टिशनच्या मागे काकू. पहाटे उठून खळ शिजवायची, दिवसभर रुंद ब्रशने ती पुठ्ठ्याच्या कडांना लावायची आणि कडा लावलेले पुठ्ठे फटीतून पुढे सरकवायचे, हे त्यांचं काम. जास्तीची खळ त्या ब्रश पातेल्याच्या काठावर आपटून झटकायच्या. टक, टक. बोलणं चालू असताना मागून तो आवाज सतत यायचा.

"ताई, चौथी मी आहे हो इथे," असं त्या अधूनमधून आतूनच म्हणायच्या.

"काकू, तुम्ही घरच्या. तुम्हाला धरलं तर माझी नोकरी जाईल."

सगळे हसायचे, काकूही.

एका महिन्यात ताई गेली तर काका दारातच स्टूल टाकून बसले होते आणि आठवड्याभरात माणूस जेवढा म्हातारा होऊ नये तेवढे झाले होते. काकूंना ताप होता, त्या तशाच उभ्या राहून खळ ढवळत राहिल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. काकांनी हे सगळं एका दमात सांगितलं. ताईला फार वाईट वाटलं. मग तिने कामाचं म्हणून विचारलं. काका म्हणाले, "तीन." ती खाली बघून लिहीत होती तेव्हा मागून आवाज आला. टक, टक.

ताईच्या मनात आलं, मावशी मागे बसायला लागल्या वाटतं. मग तिने मान वर केली. मावशी समोरच होत्या, सूनही होती, आणि कापणारा मशीन बंद करून तिच्याकडे बघत होता.

पुढच्या महिन्यात तिने मावशींना बाजूला घेतलं. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तसं तिने आधीच सांगून टाकलं.

"आमचाही नव्हता," मावशी म्हणाल्या. "पण खळ आम्ही शिजवत नाही, ताई. सकाळी कुलूप काढतो तेव्हा तयार असते. कडा लावलेले पुठ्ठे फटीतून पुढे येतात. आम्ही घेतो आणि जोडतो."

"मागे जाऊन बघितलं नाहीत?"

"आधी भीती वाटायची म्हणून गेलो नाही. आता वाईट वाटतं म्हणून जात नाही."

मावशींनी एक तयार खोकं तिच्या हातात दिलं. काकूंच्या हाताला वळण होतं, कडा नेहमी सुतासारख्या सरळ असायच्या. या खोक्याची एक कड तिरकी गेली होती आणि खळीचा ओघळ खालपर्यंत आला होता. "दिवसेंदिवस असंच होत चाललंय," मावशी म्हणाल्या. "थकलीय ती."

ताईने हिशेब मांडला. म्हातारा दुःखाने भ्रमिष्ट झालाय, रात्री उठून स्वतःच सगळं करतो आणि त्याला त्याचं भान नसतं. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. ती काकांशी बोलायला बसली आणि तिने त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं. ते हात एवढे कापत होते की पाण्याचा पेलासुद्धा ते दोन्ही हातांनी धरत होते. बोटांवर, नखांत, कुठेही खळ नव्हती. आणि काका समोर बसलेले असतानाच मागे ब्रश चालू होता.

त्या दिवशी घरी आली तेव्हा तिची आई ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती. "बस की जरा," ताई म्हणाली. आई "हो" म्हणाली आणि पुसत राहिली.

त्यानंतरच्या खेपेला काका तिची वाटच बघत होते. कपडे धुतलेले, केस विंचरलेले. सरकारी माणसाशी बोलायचं म्हणून केलेली तयारी होती ती.

"या वेळी चार लिहा, ताई."

"चौथं कोण?"

काकांनी पार्टिशनकडे पाहिलं.

"काका, असं नाही करता येत."

"ऐकून तर घ्या. गेल्या महिन्यापासून मी तिला पगार देतो. पाकीट पातेल्याशेजारी ठेवतो. सकाळी नसतं. तीस वर्षं राबली. या तिघांना रविवार होता, आजारपण होतं, लग्नकार्य होतं. तिला काय होतं? घरची बाई कोणाकडे सुट्टी मागणार? मी नाही दिली आणि तिने नाही मागितली. आता मेल्यावरही तिची सुटका नाही. मला ऐकवत नाही हो ते."

"मग सांगा ना तिला, थांब म्हणून."

"रोज सांगतो. नवऱ्याचं कोण ऐकतं?" काका हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. "पगारावरच्या माणसाला रजा असते. ती कागदोपत्री नोकरीला लागली तर मला तिला रजा देता येईल. तुम्ही लिहिलंत की ते सरकारचं झालं. सरकारचं ऐकेल ती. चार लिहा, आणि एक रजेवर."

ताई उठली. आजवर जे केलं नव्हतं ते तिने केलं. पार्टिशनचं दार ढकलून ती मागे गेली. आवाज थांबला.

अरुंद जागा. एक शेगडी, तिच्यावर पातेलं. पातेल्यातल्या खळीवर साय धरली नव्हती, वाफ निघत होती. ब्रश काठावर आडवा ठेवलेला. माणूस नव्हतं. पण टेबलाच्या कडेवर खळीने माखलेल्या दोन पंज्यांचे ठसे होते. फार वेळ उभा राहिलेला माणूस कडेवर भार टाकून टेकतो ना, तसे. ताईने एका ठशाला बोट लावलं. तो ओला होता आणि कोमट होता.

ती बाहेर आली. मग नियम तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला. पगार घेतो तो धरायचा. पगारी रजेवर असला तरी धरायचा. जिवंत असावा असं नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोणाला ते लिहायची गरजच वाटली नसणार.

तिने चार लिहिले. काका खुर्चीवरून उठले, पार्टिशनजवळ गेले आणि एरवी हाक मारत त्याच आवाजात म्हणाले, "ऐकलंस का? नाव लागलं तुझं. भरपगारी रजा आहे. जा, पड जरा."

मागून काहीच आवाज आला नाही.

तीन आठवडे आला नाही. ताई त्या बाजूला गेली की मुद्दाम डोकावायची. खळ आता मावशी शिजवत होत्या, तिच्यात गुठळ्या होत होत्या आणि काका त्यावरून कुरकुर करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची खूण होती. एकदा ते म्हणाले, "सुनंसुनं वाटतं, ताई. पण झोपली असेल हो." ताईला त्या दिवशी फार बरं वाटलं. वीस वर्षांच्या नोकरीत आपण एक आकडा बरोबर लिहिला, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं.

कार्यालयात वरच्या मजल्यावर पडताळणीवाला बसायचा. कोणाचा आकडा अचानक वाढला किंवा घटला की फोन करून खात्री करून घेणं, हे त्याचं काम. तिनाचे चार म्हणजे एकदम एक तृतीयांश वाढ. एवढी भरभराट त्या महिन्यात दुसऱ्या कुठल्याच धंद्यात झालेली नव्हती. पण पडताळणीवाला स्वतःच रजेवर होता, त्यामुळे फोन राहून गेला होता. परतल्यावर चौथ्या आठवड्यात तो जिन्यात ताईला भेटला.

"तुमच्या त्या खोकेवाल्याचं झालं हो. काल संध्याकाळी लावला फोन. चार बरोबर आहेत म्हणाले."

"कोण म्हणालं? काका?"

"नाही, बाई होत्या कोणीतरी. दमलेला आवाज होता. म्हणाल्या, चौथी मीच, मी रजेवर आहे." तो हसला. "रजेवर आहात तर फोन कशाला उचलता, म्हटलं. तर मलाच विचारतात, साहेब, रजेचे दिवस नंतर भरून काढायचे असतात का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? ते आमच्या खात्यात येत नाही म्हटलं. मालकाला विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोचली तेव्हा तिघेही कामगार रस्त्यावरच उभे होते. सून रडत होती. काका उंबऱ्यावर बसले होते.

"मला काही विचारलंच नाही हो तिने," ते म्हणाले. "कधीच विचारत नाही."

खोलीत जेमतेम माणूस शिरेल एवढीच जागा उरली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, छतापर्यंत कडा लावलेल्या पुठ्ठ्यांच्या चळती लागल्या होत्या. अख्ख्या महिन्याचं काम होतं ते. खळीचा आंबूस वास नाकात जात होता. आतल्या, आधीच्या चळतींच्या कडा सरळ होत्या. दाराजवळच्या तिरक्या होत्या, आणि त्यांच्यावर प्रत्येक ठिकाणी बोटं घसरल्याच्या खुणा होत्या.

मागे ब्रश चालू होता. टक, टक, टक, टक. एवढा घाईचा आवाज ताईने तिथे कधी ऐकला नव्हता.

ती चळतींमधून अंग चोरत पार्टिशनपर्यंत गेली. दार उघडायचं धाडस तिला झालं नाही. तिने फळीवर हात ठेवला.

"काकू, मी मोजणीताई."

ब्रश थांबला नाही.

"काकू, पगारी रजा भरून काढायची नसते. नियम आहे तसा. मी सांगते ना. ते दिवस तुमचे होते."

ब्रश थांबला.

उंबऱ्यावरून काका उठून उभे राहिले. फळीच्या पलीकडे, अगदी जवळ, कोणीतरी धापा टाकत होतं. ताईला तो श्वास हाताच्या तळव्याला जाणवत होता. तो हळूहळू संथ होत गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

ताई वाट बघत राहिली. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

मग पातेल्याच्या काठावर ब्रश पुन्हा एकदा वाजला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. काम चालू झालं होतं, फक्त आता जरा हळू.