आईचं एक चुकलेलं उत्तर

"हसवू नका त्यांना!"

मी आईला शेजारणीची नक्कल करून दाखवत होते, तेवढ्यात मागून हा दम. वळून पाहिलं तर एक तरुण डॉक्टर... केस विस्कटलेले, डोळे मात्र हसरे.

"मग काय, रडवू?"

"दोन्ही नको. रक्तदाब वाढता कामा नये."

बाहेर नेऊन त्यानं मला समजावलं. आईच्या मेंदूतल्या धमनीला नाजूक फुगा आला होता. फुटला तर जिवावरच बेतणार. उद्या कवटी उघडून फुग्याच्या मानेला इवलासा चिमटा लावायचा, म्हणजे आत रक्त शिरणार नाही. "मोठे सर लावतील, मी मदतीला असेन."

आईशिवाय मला होतं कोण? त्यानं आपल्या चहाचा कप माझ्या हातात दिला. कडू जहर!

"असला चहा पिऊन माणूस जगतो?"

"जगलोय की! तुम्हालाही सवय होईल..."

शस्त्रक्रिया छान पार पडली. शुद्धीवर आल्यावर मात्र आईचा छळ सुरू झाला. तो तरुण डॉक्टर सारखा येऊन विचारायचा — नाव काय, वर्ष कोणतं, आपण कुठे आहोत? मेंदू ताळ्यावर आहे ना, हे बघायची तीच रीत. आई निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मभर इतरांना प्रश्न विचारणारीला ही उलटतपासणी कशी सोसावी? त्यात, तो आला की माझा हात केसांकडे जातो, हेही तिनं हेरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे बोट केलं. "या कोण?"

"माझी मुलगी."

"आणि मी?"

"जावई."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तातडीनं स्कॅन! स्ट्रेचर त्यानं स्वतःच ढकललं. आई काहीतरी सांगू बघत होती, पण ऐकतंय कोण? मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला नाही नाही ते कबूल केलं.

अखेर तो बाहेर आला. "सगळं ठीक आहे. चिमटा जागच्या जागी."

मला रडूच फुटलं. "मग ती असं का...?"

"मुद्दाम." त्याचे कान लाल झाले होते. "मला म्हणाल्या, 'मठ्ठच आहेस. एवढं समजायला मशीन लागतं?'"

मी रडता रडता हसायला लागले. तो शेजारी बसला आणि बुटांकडे बघत बोलू लागला.

"प्रत्येक उत्तर चूक की बरोबर, ते आम्हाला ठरवावं लागतं. हे... काय धरू? मला तर ते बरोबर असावंसं फार वाटतंय. पहिल्या दिवसापासून."

"आज चूकच धरा."

त्याचा चेहरा एवढासा झाला.

"आणि उद्या पुन्हा विचारा," मी म्हटलं. "पण आईला नाही... मला."