वैरागजवळून उचललेली गाडी

बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणारा जोतिराम हे लेकरांची शपथ घेऊन सांगतो. मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. संध्याकाळचे पाच. बार्शी-सोलापूर रस्ता, वैरागच्या जरा पुढं.

युवराज नावाच्या माणसाची ऑटोमॅटिक गाडी बंद पडली होती. अशी गाडी चाकांवर ओढत नेली की गिअरबॉक्स जातो. म्हणून जोतिरामनं ती न्यूट्रलला टाकून आपल्या टोइंगच्या ट्रकवर अख्खी चढवली. मग गिअर पार्किंगला. चारी चाकं पट्ट्यांनी आवळली. बॅटरीची वायरही काढली.

युवराज केबिनमध्ये बसला.

थोडं अंतर गेलं...

एक मोटरसायकलवाला बरोबरीला आला. "मामा, वरच्या गाडीचे ब्रेकलाइट सारखे लागत्यात की! आत कोण हाय?"

जोतिराम थांबला. वर चढून पाहिलं.

आत कोणीच नाही.

पण गिअर... न्यूट्रलला.

त्यानं तो परत पार्किंगला टाकला, दार लावलं, खाली उतरला.

मागचे दोन्ही दिवे लाल झाले...

"सायेब, ह्ये काय हाय?"

"अंकिता," युवराज म्हणाला. "माझी बायको. महिना झाला. ह्याच गाडीत, ह्याच रस्त्याला छातीत कळ आली तिच्या. 'थांबवा, मला उतरू द्या,' म्हणत हुती. मला दवाखाना गाठायचा हुता. न्हाय थांबवली... फुडच्या वडाळा गावाच्या आधीच गेली."

आणि तो वर चढून गाडीत बसला.

"वरच्या गाडीत माणूस बसवत न्हाईत, सायेब. उतरा!"

"तिच्याजवळ बसू द्या."

जोतिरामनं लई विनवलं. तो उतरेना. शेवटी वीसच्या स्पीडनं ट्रक निघाला.

मागून युवराजचा आवाज येत होता. कोणाशी तरी हळू बोलत होता.

वडाळा गेलं...

आवाज थांबला.

सोलापुरात गॅरेजसमोर जोतिरामनं दार उघडलं. युवराजचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. अंग गार.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

शेजारची सीट रिकामी होती.

पण तिचा पट्टा लावलेला... आणि ताणलेला.

ती गाडी अजून गॅरेजच्या मागं उभी आहे. न्यायला कोणी आलं नाही. जोतिराम तिकडं फिरकत नाही. लोक विचारतात, बायकोनं नेलं का रं त्याला?

"मला काय म्हाईत?" तो म्हणतो. "हाताला धरून खाली वढायला पायजे हुतं मी. न्हाय वढलं."