यादीतली पहिली ओळ

मंचरच्या बाजारपेठेत चांदमलशेठच्या गच्चीवर इंटरनेटची तुटलेली वायर जोडायला स्वराज चढला, तेव्हा शेठची मुलगी रिद्धी वाळत घातलेल्या पापडांशेजारी सीएचं पुस्तक उघडून बसली होती.

"पापडांवर पाय देऊ नका हं... आई तुमचंच कनेक्शन तोडेल."

"आमचं अजून जुळलंय कुठं?"

ती खुदकन हसली. डोंगराकडचा साधा पोरगा, तिथंच कामातून गेला!

वर्षभर चॅटवर गप्पा रंगल्या. परीक्षा पास व्हायची, पुण्यात नोकरी धरायची, मग घरी सांगायचं... हे रिद्धीनंच ठरवलं होतं. पण कोणीतरी आहे, एवढा सुगावा शेठना लागला. त्यांनी तिचा फोन काढून घेतला, क्लासपुरता लॅपटॉप ठेवला, बाहेर जाणं बंद केलं आणि थेट स्वराजच्या ऑफिसात आले.

"भाऊ, आमच्या घरच्या लाइनवर पोरीचा क्लास आन् बँक, एवढंच चालू ठेव. बाकी समदं बंद. तू घरातलाच, म्हणून सांगतो."

स्वराज हो म्हणाला. नाही म्हटलं तर पितळ उघडं पडणार! त्यानं मशीनवर शेठच्या कनेक्शनला यादी लावली. यादीत असेल तेवढंच उघडणार, बाकी सगळं अडणार. सगळ्यात वर मात्र गुपचूप एक ओळ घातली — चॅट चालू. स्वतःच्या हुशारीवर काय खूश झाला होता!

मग दोन दिवस तो भीमाशंकरच्या बाजूला खांबांच्या कामावर गेला. तिथं रेंज नव्हती. परतला, तर तिचे अकरा मेसेज.

'परीक्षेचा फॉर्म उघडत नाही.'

'स्वराज, आज शेवटची तारीख आहे...'

शेवटचा मेसेज नुसताच 'गेली.'

लाइन तपासायच्या निमित्तानं तो तिच्या घरी धावला. ती दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"पप्पा म्हणतात, परीक्षा नाही तर स्थळ बघू. रविवारी नगरचे पाहुणे येतायत."

"मी आजच सांगतो त्यांना. माझं... माझं लई प्रेम हाय तुझ्यावर, रिद्धी."

"माहीत आहे." ती म्हणाली. "यादी करताना पप्पांचं ऐकलंस. स्वतःसाठी वाट ठेवलीस. मला काय लागतं, हे एकदा तरी विचारायचंस..."

"चुकलं माझं."

"चॅटची ओळ काढ. फॉर्मची टाक. पुढच्या खेपेला मला भरायचाय."

"आन् रविवारचे पाहुणे?"

"त्यांचं मी बघेन."

ऑफिसात येऊन त्यानं एक ओळ काढली, एक टाकली. यादी लागू करायच्या आधी त्याला रडू फुटलं. तरी त्यानं बटण दाबलं.