उजवीकडचा आवाज

“आधी प्लग काढ, मग नाक आत घाल!” ऋतिका ओरडली.

जेन्सनने निमूटपणे नाक बाहेर घेतलं. टेबलावर त्यांच्या मैत्रिणीच्या, शर्लीच्या पप्पांचा जुना कॉम्प्युटर झाकण उघडून पडला होता. दुबईहून आलेला, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालणारा. तो भंगारात द्यायचं तिच्या एडवर्डकाकांनी सकाळीच जाहीर केलं होतं. वटार गावात भंगारवाला चारला येई. आता दोन वाजले होते.

“बिघडलाय तो. बेसिलने तपासलाय,” काका म्हणाले होते.

बेसिल हा गावचा टीव्ही मेकॅनिक. त्याने झाकण न उघडताच तपासणी केली होती. अनुभवी माणसांना झाकण उघडावं लागत नाही.

तक्रार मात्र खरी होती. पप्पांनी शर्लीसाठी रचलेली धून छान सुरू व्हायची आणि मध्येच ओकीबोकी व्हायची. पप्पा जानेवारीत गेले. आता मे संपत आला होता. त्यांनी केलेलं, वाजणारं असं शर्लीकडे दुसरं काहीच नव्हतं.

“हे बघ!” ऋतिकाने पप्पांच्या वहीतली आकृती दाखवली. “धून दोन आवाजांची आहे. आत दोन्ही एकाच वायरीत कोंबलेत, म्हणून भेळ होते. सोडवले की एक डावीकडे, एक उजवीकडे. स्टीरिओ! मग कळेल, कोण गप्प बसतं ते.”

“आणि उडाला तर?” जेन्सनने विचारलं.

“चारला तसाही जाणारच आहे,” शर्ली म्हणाली.

पप्पांच्या शेजारी बसून ती वायरींना डाग द्यायला, सोल्डरिंग करायला शिकली होती. तिने दोन्ही आवाजांच्या वायरी सोडवून डाग दिला. टेपरेकॉर्डरचे दोन स्पीकर जोडले. प्रोग्रॅम चढेपर्यंत कॅसेट बराच वेळ किंचाळली, थांबली आणि धून दोन्ही बाजूंनी खोलीत शिरली! डावीकडचा सूर काही विचारी, उजवीकडचा उत्तर देई.

“आईशप्पथ!” जेन्सन उडालाच.

मग उजवीकडचा गप्प झाला.

“म्हटलं नव्हतं?” दारात काकांसोबत बेसिल उभा होता. “उजवीकडचा पार्ट जळलाय.”

शर्लीने स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून धून पुन्हा लावली. आता डावा स्पीकर गप्प झाला. म्हणजे स्पीकर शाबूत! मग तिने त्या गप्प आवाजासाठी एकच ओळ टाइप केली. पींऽऽ!

“बेसिल अंकल, जळलेला पार्ट बोलतो का हो?” ऋतिकाने विचारलं.

बेसिल छताची तपासणी करू लागला.

“मग दोष कुठाय?” काका म्हणाले.

शर्लीने पडद्यावर प्रोग्रॅम आणला. डावीकडचे सूर साठ ओळी चालले होते. उजवीकडचे अकराव्या ओळीला थांबले होते. रोज काम आवरताना पप्पा तारीख टाकत. शेवटची तारीख होती नऊ जानेवारी. दहाला सकाळी त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं.

“दोष नाहीच,” शर्ली म्हणाली. “राहिलंय.”

बाहेर भंगारवाल्याची हाक आली. काका स्वतः गेले. “इथे काही नाही, पुढे जा!” आत येऊन त्यांनी चष्मा पुसला. “हुशार रे पोरांनो! शर्ली, तुझ्या पप्पाला, व्हॅलेरियनला अभिमान वाटला असता. आम्ही मोठे लोक नुसते...”

“उरलेलं मी भरून देतो,” बेसिल हळूच म्हणाला. “पाच मिनिटांचं काम.”

“नको, अंकल,” शर्ली म्हणाली.

“अर्धवटच ठेवणार?”

“हो. पप्पा इथवर आले होते.”

तिने वायरी पुन्हा जागच्या जागी लावल्या, धून पहिल्यापासून सुरू केली आणि उजव्या स्पीकरला कान लावून बसली.